हळू म्हटलेलं वाक्य

आवाज घुमू नये म्हणून वडिलांच्या खोलीच्या भिंतींवर तिने घरातली झाडून सगळी पांघरुणं टांगली होती. पंखा बंद, फ्रिज बंद. तो परत चालू करायचा राहू नये म्हणून वडिलांचा चष्मा फ्रिजमध्येच ठेवलेला. माईक त्यांच्या सदऱ्याच्या आत, छातीवर चिकटवलेला.

लघुपटाचं ध्वनिमुद्रण तिच्याकडे होतं, आणि त्यात वडिलांना एकच वाक्य होतं: "तू जा, मी आहे इथं." हौशी रंगमंचावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने ते असं काही ठोकलं, की तिने हेडफोनच ओरबाडून काढला.

"बाबा, कानठळ्या बसल्या! इथं शेवटची रांग नाहीये."

"शेवटच्या रांगेतलाही तिकीट काढूनच येतो, बाई."

"माईक छातीवर आहे तुमच्या. कुजबुजलात तरी पुरे."

"कुजबुजायला मी काय चोर आहे?"

दिग्दर्शक म्हणजे तिचा मावसभाऊ. तो वडिलांशेजारी घाम पुसत खुदखुदत होता. बरेच टेक वाया गेले. मग वडिलांनी खांदे सैल सोडले आणि वाक्य इतकं हळू म्हटलं, की शेजारी उभ्या भावाला धड कळलंही नाही. तिला हेडफोनमध्ये श्वासासकट ऐकू आलं. तिने नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उठलेच नाहीत.

महिन्याभराने, एडिटिंगच्या खोलीत, भाऊ चाचरत म्हणाला, "काकांचा आवाज दबलाय गं. दुसऱ्या कुणाकडून डब करून घेऊ. भारदस्त आवाजाचा एक जण आहे ओळखीत."

"नाही."

"भावना जरा बाजूला ठेव."

"भावना कसल्या, दादा? हेडफोन लाव कानाला. कपड्याची खसखस, कसली घरघर, काही सापडलं तर आण तुझा भारदस्त माणूस."

त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. सापडलं काहीच नाही.

"पण लोकांना ऐकू नाही आलं तर?"

"पुढे सरकून ऐकतील."

"हट्टीपणा करू नकोस."

"करणार! ते वाक्य काढलंस, तर मी रेकॉर्ड केलेला सगळाच आवाज काढ. दाखव मुका लघुपट."

"असं आहे तरी काय त्या एका वाक्यात?"

वडिलांच्या रंगमंचावरच्या कामाला तिने कधी वाईट म्हटलं नव्हतं, आणि चांगलंही. तिने खुर्ची वळवली, सरळ भावाकडे पाहिलं.

"जन्मभर कमावलेला आवाज त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवला. हे यायला नट असावं लागतं, दादा. माझे बाबा फार चांगले नट होते."