तितराच्या गळ्याचे तीन खडे

"बूट काढा म्हणतो ना! बहिरे झालात का सगळे?"

अबू सलामा झाडू आडवा धरून उभा राहिला. इजिप्तहून आलेली चाळीसेक माणसं टाळ्या वाजवत, स्तोत्रं म्हणत बसमधून थेट जुन्या चर्चच्या फरशीवर निघाली होती. चर्चच्या भिंती कधीच पडल्या. रंगीत खड्यांची चौदाशे वर्षांची नक्षी तेवढी पत्र्याच्या छपराखाली उरली होती. जॉर्डनमधल्या मादबाजवळच्या या खेड्यात ती राखायला अबू सलामाला एकतीस वर्षं झाली. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि बहुतेक वेळा त्याला कारण असायचा नायफ गाइड.

"वीस मिनिटं," नायफ म्हणाला. "सकाळी मूसा पैगंबराचा डोंगर झाला. आता तू, मग जेवण, मग नदीवर बाप्तिस्म्याची जागा."

"इजिप्तहून इथवर यायला मूसाला चाळीस वर्षं लागली. तू एका दिवसात उरकतोस!"

"त्याच्याकडे एसी बस नव्हती. पाणी टाक, पाणी! कोरड्या फरशीत यांना काय दिसणार, धूळ?"

अबू सलामाने बादली उचलली. गेल्या हिवाळ्यात अम्मानहून पुरातत्त्व खात्याची एक तरुण बाई आली होती. गुडघ्यांवर बसून फरशी तपासत तिने सांगितलं होतं, "काका, पाणी टाकू नका. खालचा चुना सुटतोय." त्याने तिलाच सुनावलं होतं, "तुझ्या जन्माआधीपासून टाकतोय, पोरी. मला शिकवतेस?" खरी गोष्ट अशी की पाण्यावाचून त्याला चैन पडत नसे. पाणी पसरलं की मेंढरं, द्राक्षांचे वेल, लाल गळ्याचा तितर, सगळं एकदम ताजं होई आणि माणसं "आऽऽ" करीत. ती दाद आपल्यालाच आहे असं त्याला वाटे.

आजही माणसं "आऽऽ" म्हणाली. फोटो काढले, फरशीला हात लावून बोटांचे मुके घेतले आणि बूट चढवून पळाली.

त्यांच्यामागे झाडू मारताना त्याला तितराच्या गळ्यात भोक दिसलं. तीन लाल खडे नव्हते.

तळपायाची आग मस्तकात गेली. साठी उलटलेला माणूस अनवाणीच धावला आणि निघालेल्या बससमोर छाती काढून उभा राहिला.

"चोरांनो! उतरा खाली!"

नायफ उडी मारून उतरला. "वेड लागलंय का? हे लोक जिथं जातात तिथून बरकत म्हणून काहीतरी नेतात. तेल, कापूस, माती. तीन खडे गेले तर काय झालं? लाखो आहेत!"

"तुझ्या तोंडात बत्तीस दात आहेत. तीन पाडू?"

"असं करशील तर यापुढे एक गट आणणार नाही इथं."

"नको आणूस! तुझ्या गटांविना चौदाशे वर्षं काढलीत या फरशीनं."

तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दांडा धरून खाली उतरली. सगळे तिला उम्म अबानूब म्हणत होते. तिने रुमालाची गाठ सोडली.

"घे तुझे खडे. पण चोर म्हणालास तर याद राख! नातू चार वर्षांचा झाला, अजून पाऊल टाकत नाही. त्याच्या उशाशी ठेवणार होते."

"म्हणून उकरायचे?"

"मी उकरले? प्रभूची शपथ, नखसुद्धा लावलं नाही. तू पाणी टाकलंस, मी मुका घ्यायला बोट टेकवलं, तर हे आपणहून वर आले. मला वाटलं, देवानेच दिले."

तिने खडे त्याच्या तळहातावर ठेवले. ओल्या चुन्याचा पांढरा लगदा त्यांना अजून चिकटलेला होता. अबू सलामाने तो लगदा अंगठ्याने चोळून पाहिला. तो बाजूला झाला. बस गेली.

परत येऊन तो तितरापाशी बसला. भोकाशेजारच्या खड्याला त्याने बोट लावलं. तो हलला. त्याच्या पलीकडचाही हलला. मेंढराच्या पाठीवर तळहात ठेवला तर खालून पाणी वर आलं. त्याने स्वतःला अशी एक शिवी हासडली, जी नायफलाही कधी दिली नव्हती.

दुपारी डबा घेऊन बायको आली, तेव्हा तो सुकलेल्या फरशीवर फावड्याने वाळू पसरत होता.

"मे महिन्यात वाळू? ही तर थंडीत, पावसाआधी फरशी झाकायला घालता ना! अजून दोन बस यायच्यात."

"परत जातील." त्याने मान वर केली नाही. "अम्मानच्या त्या पोरीला फोन लाव. म्हणावं, ये. म्हणावं, म्हातारा चुकला."

"तुम्हीच बोला की."

"माझ्याच्यानं नाही बोलवत. तू सांग."

ती फोन घेऊन बाहेर गेली. मेंढरं वाळूखाली गेली, वेल गेले, एकटा तितर उरला. अबू सलामाने तीन खडे जागच्या जागी बसवले, वरून हलकेच दाबले. मग फावडं बाजूला ठेवलं, आणि तितरावर वाळू हाताने टाकली, मूठ मूठ.