पाठीवरची चेन

मी सूट आहे खरा, पण लग्नाबिग्नातला नव्हे. माझ्या अंगावर खिसा नाही, बटण नाही, आणि आता तर गळ्यापासून पोटापर्यंत मला कात्रीने उभं कापलेलं आहे. हिवाळ्यात नदीवर जाणाऱ्या माणसाने पाण्यात पडलं तरी कोरडं राहावं म्हणून घालायचा मी पोशाख. मला ड्रायसूट म्हणतात. माझ्यावर गळका असल्याचा आळ आलाय, म्हणून दोन शब्द बोलतो.

मी जन्मलो त्या कारखान्यात एका जाड चष्म्याच्या बाईने माझ्यात हवा भरून मला टम्म फुगवलं आणि शिवणीशिवणीवर साबणाचं पाणी फासलं. कुठे बुडबुडा येतो का, ते ती नाक जवळ नेऊन बघत होती. एकही आला नाही. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप मी पुढे नऊ वर्षं मिरवली.

मला विकत घेतलं ओडेट गोड्रोने. नवरा फर्नांड पाणबुड्यांच्या गोदीतून वेल्डर म्हणून निवृत्त झाला आणि घरात बसवेना म्हणून त्याने एक कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, आणली. मित्र कॅझबरोबर तो भर जानेवारीत नदीवर जाऊ लागला. आमच्या नॉर्विच गावापर्यंत समुद्राची भरती येते. थंडी पडली की पट्टेदार बास मासे समुद्र सोडून गावाखालच्या खोल डोहात येऊन दाटीवाटीने बसतात. ओडेटने मला त्याच्यासमोर टाकलं आणि म्हणाली, "हा घालणार असशील तर जा. नाहीतर ती होडी मी परसात आडवी करून तिच्यात कांदे लावीन."

माझी चेन पाठीवर आहे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. घालणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही, ती दुसऱ्यानेच लावावी लागते. त्यामुळे नऊ हिवाळे रोज सकाळी गॅरेजमध्ये एकच कार्यक्रम असे. फर्नांड माझ्या रबरी गळ्यातून डोकं काढताना शिव्या घाली, मग पाठ करून उभा राही. ओडेट झोपेच्या झग्यात येई, चेनीवर मेण घाशी आणि एका दमात ती टोकापर्यंत ओढी. ओढताना तोंड चालूच.

"तीन तास गारठायचं, मासा धरायचा, आणि परत सोडून द्यायचा. मग धरतोस कशाला?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं की तुझ्यापेक्षा माशाला अक्कल जास्त आहे. तो तळाशी गप बसून असतो."

असं म्हणून ती माझ्या पाठीवर दोन थापा मारी. त्याला त्या लागतही नसतील, पण मला लागत, आणि फार बरं वाटे.

नदीवर आम्ही तिघं सुखात होतो. गळाच्या काठीला दोरा ओवायच्या कड्या असतात, त्यांत बर्फ धरे, तो फर्नांड तोंडाच्या वाफेने वितळवी. शिशाचा गळ तळापर्यंत सोडायचा आणि अगदी हळू, जेमतेम वीतभर उचलायचा, कारण थंडीत मासा आळशी होतो. कॅझ शेजारच्या कयाकमधून त्याची टर उडवी. मोठा मासा लागला की दोघंही गप्प होत आणि सोडताना फर्नांड त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवी, शेपटीत जोर येईपर्यंत. त्या वेळी त्याचा श्वास कसा मंद होई ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मागच्या हिवाळ्यात कॅझ लेकीकडे फ्लोरिडाला कायमचा राहायला गेला. ओडेटने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "एकट्याने जायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"अडुसष्टचा आहेस. त्यापेक्षा लहान असतास तर बरं होतं."

तीन आठवडे तो थांबला. पण डोहावर पक्षी घिरट्या घालताहेत, म्हणजे खाली मासे दाटलेत, असं त्याने पुलावरून बघितलं आणि त्याचा धीर सुटला. सकाळी त्याने मला चढवलं आणि सवयीने पाठ करून उभा राहिला. ओडेट दारात आली, पण पुढे आली नाही.

"मी लावणार नाही," ती म्हणाली. "चेनीशिवाय तू जाणार नाहीस एवढी तरी अक्कल तुला आहे." आणि आत निघून गेली.

तिला वाटलं, आता हा कपडे बदलून कॉफी प्यायला येईल. मलाही तसंच वाटलं. पण फर्नांडने मला उतरवून चेनीला दोरी बांधली, परत चढवलं, दोरीचं दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं आणि जोर लावून बाजूला झुकला. चेन सरकली. मेण लावायचं काम ओडेटचं, ते काही त्याला सुचलं नाही. शेवटची दोन बोटं राहिली तिथे चेन अडली. त्याने मागे हात नेऊन चाचपलं, हात पोचला नाही. "झालं," तो म्हणाला.

झालं नव्हतं. मी ओरडलो असतो, पण सुटाला तोंड कुठून येणार?

डोहावर त्याने दोन मासे धरले आणि सोडले. तिसरा मोठा होता. तो कयाकखाली शिरला, फर्नांड काठीबरोबर वाकला, आणि आम्ही दोघं पाण्यात. त्या दोन बोटांच्या फटीतून नदी आत आली. बाकी सगळीकडून मी तिला अडवलं हो, गळ्याशी, मनगटांशी, प्रत्येक शिवणीशी. पण फटीचं मी काय करू? माझे पाय पाण्याने भरले, मी जड झालो, आणि त्याला कयाकवर चढता येईना. तो तिची पट्टी धरून लोंबकळत राहिला. ओठ निळे पडले. गळ्यातली शिट्टी फुंकण्याइतकाही दम उरला नव्हता.

भरतीने आम्हाला गावाच्या दिशेने ढकलत नेलं म्हणून बरं. धक्क्यावर डॉमिंगोस नावाचा माणूस बोटींचे दोर तपासत होता. त्याने आकडीचा बांबू माझ्या खांद्यात अडकवला आणि ओढून काढलं.

दवाखान्यात नर्सने मला समोरून कापलं. माझी तक्रार नाही, तेच करायला हवं होतं. फर्नांड शुद्धीवर आला तेव्हा ओडेट त्याचा हात धरून बसली होती.

"मी लावली असती तर," ती एवढंच परत परत म्हणत होती.

"तुझा काय संबंध?" फर्नांड म्हणाला. "चेन मी दोरीने ओढली, पार टोकापर्यंत. सूटच जुना झाला होता. शिवण उसवली त्याची."

मी खाली पिशवीत ओलाचिंब पडून ते ऐकलं. नऊ वर्षांच्या चाकरीत एक थेंब आत येऊ दिला नव्हता मी. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओडेटने मला घरी आणलं आणि गॅरेजमधल्या टेबलावर पालथं घातलं. एकेक शिवण तिने बोटांनी तपासली, त्या कारखान्यातल्या बाईसारखी नाक जवळ नेऊन. मग तिचा अंगठा चेनीच्या टोकाशी येऊन थांबला. तिथे चेन उघडीच होती. तिने मेणाचा तुकडा घेतला, उरलेली दोन बोटं ओढून बंद केली आणि मला खुंटीला टांगलं.

मी आता कुणाच्या कामाचा नाही. पण माझं ऐकाल तर एक करा. भांडा, हवं तर महिनाभर बोलू नका, पण एकमेकांच्या पाठीवरची चेन तेवढी लावून देत जा. आपला हात तिथे पोचत नाही.

फर्नांड आठवड्याने घरी आला आणि आधी गॅरेजमध्ये शिरला. त्याने मला उलटं फिरवून चेनीवरून हात फिरवला. टोकापर्यंत बंद होती. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत ओडेट वाटाण्याचं सूप वाढत होती.

"ओडेट, त्या सुटाची शिवण..."

"उसवली होती," ती मागे न बघता म्हणाली. "बघितली मी. बस, सूप निवतंय."

माझी एकही शिवण उसवलेली नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही.