दिवा पेटीचा, ठोका माणसाचा

मित्रांनो, मी अतिदक्षता विभागातला एक जुना पेसमेकर आहे. छातीत शिवून बसवतात तो नव्हे. मी आपला बाहेरचा, तात्पुरता, हातात मावणारी पेटी. ज्याचं हृदय मंदावतं त्याच्या मानेच्या शिरेतून एक तार आत हृदयापर्यंत जाते आणि बाहेरच्या टोकाला मी असतो. मी इशारा देतो, हृदय ठोका देतं. दर इशाऱ्याला माझा हिरवा दिवा लुकलुकतो. माझ्या भरवशावर तगलेले कितीतरी जण आपल्या पायांनी घरी गेले. तेव्हा माझं कोण कौतुक! काम सरलं की कपाटात. झाकण तुटलं, त्याला चिकटपट्टी लावली. आता त्याचंही काही वाटत नाही.

एकदा एक गॅरेजवाले मिस्त्री आले. झटका एवढा मोठा, की हृदयात रक्त ढकलायची ताकदच उरली नव्हती. हातपाय गार पडले होते. डॉक्टर त्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. ठोकेही मंद, म्हणून मला जोडलं. ठोके वाढले, पण जोर मी कुठून आणणार? डॉक्टरांनी मिस्त्रींच्या बायकोला तसं स्पष्ट सांगितलं, "काकू, मुलाला बोलावून घ्या." काकूंनी फोन केला आणि माझ्या दिव्याकडे बघत बसल्या.

दुपारी वाटेतून मुलाचा फोन आला.

"चालू आहे रे त्यांचं. दिवा लागतोय, बघतेय ना मी. गाडी दामटू नकोस. वाटेत जेवून घे, सावकाश ये."

त्या बोलत होत्या तेव्हाच मिस्त्रींचं हृदय मला उत्तर देईनासं झालं. यंत्रं ओरडू लागली. काकूंना बाहेर नेलं, छाती दाबली, औषधं दिली. काही उपयोग झाला नाही. मी मात्र लुकलुकतच होतो. माझी घडणच तशी आहे.

सिस्टरने काकूंना आत आणलं. "काकू, काका गेले."

"काहीतरीच काय बोलता. दिवा चालू आहे की."

"तो पेटीचा आहे, काकू." तिने मला बंद केलं.

काकू रडल्या नाहीत. मग त्यांनी मुलाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"आत्ताच जेवायला बसलो, आई. तूच म्हणालीस ना?"

"हो," काकू म्हणाल्या. "जेव. पोटभर जेव."

मित्रांनो, माझी निगा राखा, बॅटरी वेळेवर बदला. पण आपल्या माणसाजवळ बसाल तेव्हा माझ्याकडे बघू नका. त्याचा हात हातात घ्या. आणि जो यायला निघाला असेल त्याला लवकर येऊ द्या.