बॉयलरची शेवटची खेप

बेरिल ऑकरॉइड स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा आवाज काढून दाखवत होती. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्समध्ये सगळेच असं करतात; तो आवाज सांगून कळत नाही, काढूनच दाखवावा लागतो. तरी एकसष्टी गाठलेली, आयुष्यभर शाळेत पोरांना जेवण वाढलेली बाई फोनात तोंड खुपसून ‘ठक, ठक, ठठक’ करत होती, म्हणजे कमालच होती.

“शेवटचा ठक जोरात की हळू?” पलीकडून बॉयलर दुरुस्त करणाऱ्या वॉल्टर सग्डनने विचारलं.

“जोरात.”

तो येतो म्हणाला. मग जरा घुटमळून, शुक्रवारी आपण निवृत्त होतोय, म्हणजे ही शेवटचीच खेप, असंही त्याने सांगितलं.

बेरिलने फोन ठेवला आणि लगेच केक करायला घेतला. हिवाळा लागता लागता बॉयलर खरोखरच किटलीसारखा घोंगावू लागला होता. तेव्हा वॉल्टरने आत साठलेले क्षार धुऊन काढले, दोन कप चहा घेतला आणि तिच्या आल्याच्या केकची अशी तारीफ केली, की तशी तिच्या नवऱ्याने, देव त्याचं भलं करो, मरेपर्यंत केली नव्हती. वॉल्टर गेला आणि घर भलतंच शांत झालं. मग बेरिलला दुर्बुद्धी सुचली. खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढायची छोटी पितळी चावी असते ना, ती फिरवून तिने जरा पाणीच सोडून दिलं. दाब उतरला, गुडगुड सुरू झाली, वॉल्टर हजर. हा उद्योग तिने हिवाळाभर चालवला. बाईचं वय काय, करते काय! पण तो यायच्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरत नसत, त्याला कोण काय करणार?

गंमत अशी, की आजच्या ठकठकीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. बॉयलर या वेळी तिने हात न लावता बिघडला होता, आणि तो दुरुस्त झाला की सगळं संपणार होतं.

वॉल्टर आला, दारात बूट काढले आणि चहाकडे न बघता थेट बॉयलरच्या कपाटात शिरला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिला. पंप गेला का, असं बेरिलने विचारलं. नाही म्हणाला. मग पंखा? तोही नाही. त्याचे कान मात्र लाल होत चालले होते.

“पाइप तापला की फुगतो आणि भिंतीवर आपटतो,” तो आतूनच म्हणाला. “त्याला धरून ठेवणारा क्लॅम्प जागेवर नाहीये.”

“मग गेला कुठे?”

वॉल्टर बाहेर आला. त्याने खिशात हात घातला आणि केकच्या बशीशेजारी क्लॅम्प ठेवला. “गेल्या खेपेपासून खिशातच आहे. मीच काढला. म्हटलं, निवृत्तीआधी आणखी एकदा तरी मला बोलवाल.”

बेरिलने ॲप्रनच्या खिशातून पितळी चावी काढली आणि क्लॅम्पच्या शेजारी ठेवली.

“ते मला माहीत होतं,” वॉल्टर म्हणाला. “एवढं पाणी गळतंय आणि फरशी कोरडी ठणठणीत, असला बॉयलर मी जन्मात पाहिला नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर दुरुस्त झाला असता.”

बेरिलला हसू आवरेना. तिने ती गुडगुड तोंडाने काढून दाखवली, वॉल्टरने ठकठक करून साथ दिली, आणि दोघंही टेबलावर हात आपटत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

एवढ्यात फोन वाजला. शेजारची मेव्हिस होती. भिंतीपलीकडून भयंकर आवाज येतोय, तुझा बॉयलर आता फुटणार, आधी त्या माणसाला बोलाव, असं ती एका दमात म्हणाली.

“आलाय तो,” बेरिल म्हणाली. तिने वॉल्टरकडे पाहिलं. त्याच्या तोंडात केक होता, त्याने नुसती मान डोलावली. “आणि मेव्हिस, आता काही बिघडलं नाही तरी येणार आहे.”