पेलाभर दुधाचं अस्तर

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात कामगारांना विषापासून वाचवायची जबाबदारी म्हशीवर होती.

थिनरच्या वासाने डोकं भणभणतं, अशी तक्रार आम्ही पॉलिशवाल्यांनी केली, तेव्हा मालकांनी माणशी एक पेला दूध सुरू केलं. आम्ही फक्त खिडक्या उघडा म्हणत होतो. पण खिडकी उघडली की धूळ येते, ओल्या पॉलिशवर बसते आणि कपाटाला गोवर आल्यासारखं दिसतं. म्हणून खिडक्यांना चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि आमच्या पोटाला दुधाचं अस्तर. 'अस्तर' हा मालकांचा शब्द. वास नाकातून शिरतो, दूध तोंडातून, मग दोघांची गाठ पडते कुठे, असं मी मुकादमाला विचारलं होतं. त्याने माझ्या कानाखाली वाजवली. बहुधा तिथेच पडत असावी.

माझा थोरला भाऊ फवारणीवर होता. हल्ली दादाचे हात थरथरायचे. परवा घरी जाताना चौकात थांबला आणि म्हणाला, "आपलं डावीकडे की उजवीकडे?" घर समोर होतं. मी हसलो. तो हसला नाही.

सकाळी वहिनीने मला दारातच गाठलं. "भावजी, यांच्या वाटचं दूध यांच्याच पोटात जातंय ना?"

"मी स्वतः पाजतो, वहिनी. पाठ थोपटून ढेकरही काढतो."

"थट्टा पुरे. काल लेकीला हाक मारायला गेले आणि नावच आठवेना. 'ए मुली' म्हणाले. पोरगी रडत झोपली."

म्हणून त्या दिवशी मी दादाच्या पेल्यावर पहारा ठेवला. ब्रश धुवायला पाठ वळवली, तेवढ्यात पैलवानाने तो रिकामा केला. पैलवान म्हणजे पॉलिशआधी लाकूड घासणारा आमचा गडी, दारातून आडवा होऊन शिरणारा.

"अरे, तो दादाचा होता!"

"त्याचं डोकं गेलंच आहे," पैलवान मिशी पुसत म्हणाला. "माझं अजून शिल्लक आहे."

दादाने फवारा खाली ठेवला. डास मारतानाही ज्याचा हात अडखळतो, त्या माझ्या भावाने खुर्चीचा सुटा पाय उचलला आणि पैलवानाच्या तोंडावर हाणला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. एक दात उडाला आणि ओल्या टेबलावर जाऊन चिकटला.

"टेबल! टेबल!" मुकादम ओरडला. ज्याला धूळसुद्धा चालत नव्हती, त्या टेबलाला दात बसला होता.

पैलवानाने दादाचा गळा धरला. दादाचे डोळे बाहेर यायला लागले, तसा मी पैलवानाच्या पाठीवर चढून त्याचा कान चावला. कानाला थिनरची चव होती. मुकादमाने आम्हाला सोडवायला स्टूल घातलं, ते माझ्या बरगडीत बसलं. मी खाली पडताना त्याला लाथ घातली, ती डोळ्याला लागली. तेवढ्यात पैलवानाने दादाला उचलून खिडकीवर आपटलं.

काच फुटली. दादा कमरेपर्यंत बाहेर लोंबकळला. त्याच्या दंडातून रक्ताची धार लागली. दुसरा ठोसा मारायला पैलवानाने मूठ उगारली आणि ती तशीच वर राहिली. आत वारा आला होता.

"कसला वास येतोय रे?" पैलवान बोबडं बोलला.

"कसलाच नाही," दादा बाहेरून म्हणाला.

मग दादाला आत ओढलं आणि आम्ही चौघे त्या भोकाशी गर्दी करून उभे राहिलो, रक्ताळलेले, एकमेकांना कोपरं मारत. मुकादम सगळ्यात पुढे.

संध्याकाळी दादा दंडाला टाके घालून माझ्यापुढे चालत होता. चौकात थांबला नाही. दारातूनच लेकीला नावाने हाक मारली. ती धावत आली, तरी आणखी एकदा मारली. वहिनीने त्याच्या दंडाकडे पाहिलं, मग बरगडी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. "दूध प्यायले का?"

"नाही," मी म्हणालो.

सकाळी खिडकीला नवी काच होती, नवी चिकटपट्टी होती. मालक जातीने आले होते. "तुमच्या तब्येतीची काळजी आहे मला. आजपासून दोन-दोन पेले!" काळानिळा डोळा घेऊन मुकादम दूध ओतत होता. दादाचा पेला मालकांनी स्वतःच्या हाताने पुढे केला. "घे, गटागट."

दादाने तो जाड स्टीलचा पेला तळहातावर तोलला. हात थरथरत होता. नव्या काचेकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून फेकला. काचेचा चुराडा झाला. अर्धं दूध मालकांच्या डोक्यावरून निथळत होतं. त्यांनी दादाची गचांडी धरली. दादाने त्यांच्या नाकावर डोकं हाणलं, आधीच गेलेलं म्हणतात ते.

पैलवान माझ्याकडे वळला. "तुझा दुसरा पेला पिणार आहेस?"

"नाही."

"मग आण इकडे," तो म्हणाला आणि दुसऱ्या खिडकीवर नेम धरला.