पाहुणा बसलाय तोवर

इस्पितळातल्या शिपाई हाजी मुहैसिनने निरीक्षकाच्या इवल्याशा पेल्यात पुन्हा कॉफी ओतली आणि डॉक्टर इंतिसारचा जीव भांड्यात पडला. बसऱ्याच्या या इस्पितळात हातमोजे नव्हते की सलाईन नव्हतं; कॉफी मात्र तिने घरून आणली होती.

वरच्या मजल्यावर सबरियाचं अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत होतं. इराकवरच्या निर्बंधांतून सवलत म्हणून तेल विकून औषधं, यंत्रं आणायची मुभा मिळाली होती, आणि ती रुग्णांपर्यंत पोचतात का हे बघायला परदेशी निरीक्षक यायचे. पेटी पोचली होती, पण निरीक्षकाबरोबर आलेल्या सरकारी अबू लैथच्या साहेबांच्या खासगी दवाखान्यात. आज सकाळी ट्रकमधून ती इथे आली, लग्नात मिरवायला आणलेल्या उसन्या दागिन्यासारखी. निरीक्षकाची गाडी फाटकाबाहेर पडली की परत जाणार. पाहुणा बसलाय तोवरच बाळाला ऊब.

खात्याचा अबू लैथ पाहुण्याला खेटून बसला होता. दुभाषा तोच, पहारेकरी तोच. मागच्या निरीक्षकाजवळ तोंड उघडलेले डॉक्टर कुठे आहेत, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

पण पाहुणचाराला कोण अडवणार? पेला हलवून परत दिला तर पुरे, नुसता पुढे केला तर अजून हवी, अशी इथली रीत. हलव म्हणून सांगणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. निरीक्षक नील्सनला बिचाऱ्याला हे ठाऊक नसावं. तो आपला पेला पुढे करत होता, हाजी ओतत होता.

"डॉक्टरबाई, कॉफीत बुडवून मारता काय पाहुण्याला?" अबू लैथ हसत म्हणाला. डोळे हसत नव्हते.

"पाहुणा घाईने उठला तर नाक आमचं कापलं जातं, अबू लैथ. तुम्हा बगदादकरांचं काय जातंय?"

हाजीने खोकल्याआड हसू दडवलं.

नर्स दारात आली. "ओठ गुलाबी झालेत," एवढंच म्हणाली आणि गेली. इंतिसारला रडू कोसळेलसं वाटलं. रात्रभर बसेल का हा माणूस? बसेना का!

बाहेर उन्हं कलली. नील्सनच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. नील्सनने पेला रिकामा केला, अंगठा आणि बोटात धरून अलगद हलवला आणि हाजीच्या हातात दिला. अगदी इथल्या माणसासारखा.

इंतिसार बघतच राहिली. म्हणजे याला सगळं माहीत होतं.

"एवढंच जमलं, डॉक्टर," तो मोडक्या अरबीत हळूच म्हणाला. "अंधार पडायच्या आत आम्हाला मुक्कामी परतावं लागतं."

अबू लैथने चमकून दोघांकडे पाहिलं, मग उठून पाहुण्यासाठी दार उघडलं.

इंतिसार धावत वर गेली. पेटी न्यायला हमाल जिन्यात येऊन थांबलेच होते. सबरिया पेटीजवळ बसली होती.

"पाहुणे गेले?" सबरियाने विचारलं.

"गेले."

हमालांकडे पाठ करून सबरियाने अंगरख्याची बटणं सोडली आणि बाळाला छातीच्या उबेत घेण्यासाठी हात पुढे केले.