पाटावरची बंदूक

महादेवप्पांच्या घरात बंदुकीला जो मान होता तो सुनेला नव्हता. बंदूक दुनळी होती, महादेवप्पांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात परवाना काढून घेतलेली. घेतली रानडुकरं हाकलायला, आणि कामी आली ती सोयऱ्याधायऱ्यांना दाखवायला. वर्षभर ती रिकामी खुंटीला टांगलेली असे, काडतुसं लाकडी कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली महादेवप्पांच्या करदोट्याला. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं होतं.

वेडेपणा एका दिवसाचा होता. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, तराजू यांच्या शेजारी बंदूक पाटावर बसायची, आणि ती भरून बसायची. उपाशी शस्त्र पूजेला बसवलं तर ते घरावर उलटतं, असं महादेवप्पांचे वडील सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गावाच्या शिवेवर आभाळात बार काढायचा, तोवर पूजा मोडायची नाही. म्हणजे दीड दिवस भरलेली बंदूक देवघरात जमिनीपासून चार बोटांवर पडून राहणार, आणि घरातल्या पोरांनी तिच्यावरून उड्या मारायच्या. शेजाऱ्याचा बैल मारका निघाला तर त्याला वेसण घाला म्हणून भांडायला जाणारी ही माणसं, पण बंदुकीपुढं हात जोडून बसत.

त्या साली दुष्काळ होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, पण गावात पाण्याचा टँकर दिवसाआडच यायचा. झेंडूची फुलं औशाच्या बाजारातून विकत आणावी लागली. महादेवप्पा बंदुकीत काडतुसं सरकवत होते तेव्हा त्यांची सून शिवकांता तबक घेऊन समोरच उभी होती. घरात पोरं आहेत, यंदा रिकामीच ठेवू या, असं ती म्हणाली. एवढं बोलायला तिला लग्नानंतर अकरा वर्षं लागली होती. म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं की चाळीस साल झाले, हिनं कुणाला खाल्लं का. तिचा नवरा मल्लिकार्जुन आढ्याकडं बघत राहिला, जसं काही उत्तर तिथं लिहिलं होतं. मग शिवकांतानं बंदुकीला विभूती लावली, कुंकू लावलं, आणि स्वयंपाकघरात पुरण वाटायला गेली.

पुरणपोळ्या खाऊन मोठी माणसं दुपारी आडवी झाली. शिवकांताची नऊ वर्षांची शरणू आणि घरी कामाला येणाऱ्या पारूबाईची सात वर्षांची काशी देवघरात खेळत होत्या. खेळ दसऱ्याचाच होता. शरणू आजोबा झाली होती, काशी गाव झाली होती. शरणूनं बंदूक मांडीवर ओढली.

आवाजानं माळवदाची माती खाली आली. शिवकांता धावली तेव्हा शरणू भिंतीला टेकून बसली होती आणि काशी आपल्या गुडघ्याकडं बघत होती. गुडघ्याच्या जागी काय होतं ते शिवकांतानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. पारूबाईनं पोरीला लुगड्यात गुंडाळलं. रिकामा होऊन परत निघालेला टँकर वेशीवर होता, त्याच्या पुढच्या भागात बसवून तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोरगी वाचली, पण पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

त्याच सकाळी महादेवप्पांनी नातीला मांडीवर घेतलं. शिवकांताला वाटलं, लेकराला जवळ घेऊन धीर देत असतील. मग दाराआडून तिनं ऐकलं. म्हातारा शरणूच्या हातावर खडीसाखर ठेवत होता आणि शरणू पाढे म्हटल्यासारखं म्हणत होती: कपाट उघडं होतं. काडतूस मी काढलं. मीच भरलं.

शिवकांता आत गेली. हे काय चाललंय, असं तिनं विचारलं. महादेवप्पा शांतपणे म्हणाले, "लेकराला कोन फाशी देतंय? सरकार लेकराला सोडून देतंय. मला न्हाई सोडनार. दिवाळीनंतर परवाना लातूरच्या नव्या कचेरीत दाखवायचाय, त्यो बी जाईल."

"आन् तिच्या जल्माचं काय?"

"लहान हाय. इसरून जाईल."

मल्लिकार्जुन म्हणाला, अप्पांच्या वयाचा तरी विचार कर. शिवकांताला तेव्हा इतका राग आला की नवऱ्याचा चेहरा तिला दिसेनासा झाला. ज्याचे पाय स्मशानाकडं लागलेत त्याच्या वयाचा विचार करायचा, आणि जिचं अजून सगळं आयुष्य पडलंय तिच्या गळ्यात हा धोंडा बांधायचा. पण तिचा सगळ्यात जास्त राग स्वतःवरच होता. काडतुसं आत जाताना तिनं या डोळ्यांनी पाहिली होती, आणि वरून कुंकू लावलं होतं.

दुपारी जमादार पंचनाम्याला आले. गावातले दोन पंच ओसरीवर बसले. बंदुकीतलं दुसरं काडतूस जमादारांनी आधीच काढून खिशात टाकलं होतं. महादेवप्पांनी घडलेली हकिकत सांगितली, त्यात दोन-तीनदा 'नशीब' आलं आणि एकदा 'परमेश्वर'. मग शरणूला बोलावलं. शरणूनं खाली बघून पाढा म्हटला. एकही शब्द चुकला नाही. जमादार लिहायला लागले.

शिवकांता चौकटीतून ओसरीवर आली. सासऱ्यासमोर, परक्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर तेवढा तिनं सावरला.

"लिहू नका. तिला इचारा, कुठून भरलं."

महादेवप्पा म्हणाले, बायकांनी आत जावं. जमादारांनी मात्र पेन थांबवलं. काडतूस घालतात त्या मागच्या बाजूनं, बिजागरीवर बंदूक मोडून त्यांनी दोन्ही नळ्या परत एकदा रिकाम्या असल्याची खात्री केली, ती मिटवून चटईवर ठेवली, आणि फुटलेल्या काडतुसाची टोपी, म्हणजे मागं उरलेलं रिकामं नळकांडं, शरणूच्या हातात दिली. "बाळ, भिऊ नको. कसं भरलंस तेवढं दाखव," ते म्हणाले.

शरणूनं आजोबांकडं पाहिलं. आजोबा खांबाकडं बघत होते. ती गुडघ्यावर बसली, बंदुकीच्या पुढच्या टोकाशी गेली आणि टोपी नळीच्या तोंडात घालू लागली. टोपी जाडी, नळीचं तोंड बारीक, ती आत जाईना. तरी शरणू दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिली. नखं पांढरी पडली. तिनंच भरलं असं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं सांगितलं होतं, तर ते गेलंच पाहिजे होतं. "जाईल," ती म्हणाली. "काल गेल्तं."

पंचांतल्या एकानं तोंडावर उपरणं धरलं. शिवकांतानं लेकीच्या हातातली टोपी काढून घेतली.

"यांनी भरली. मी समोर व्हते. मला ठावं व्हतं, तरी मी कुंकू लावून गप बसले. माजं बी नाव लिहा."

मल्लिकार्जुन उठून आत गेला. जमादारांनी आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला. महादेवप्पा काहीतरी बोलायला लागले आणि मधेच थांबून करदोट्याची किल्ली चाचपू लागले. सही कुठं करायची ते त्यांनी दोनदा विचारलं. शिवकांताला त्यांची दया आली नाही. येईल असंही तिला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शरणूला घेऊन बसनं लातूरला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात पारूबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन दिवसांत ती म्हातारी दिसायला लागली होती. शिवकांता तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगितलं: बंदूक कुणी भरली, जबाब कसा लिहिला, आणि आपल्याला आधीपासून ठाऊक होतं तेही. काही झाकलं नाही. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. तिलाही तशी थोडी आशा होती.

पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्का, माझी पोरगी त्याच घरात खेळायली हे बी तुमाला ठावं व्हतं न्हव?"

"हाव."

"मला एक सबूद सांगितला असता. मी तिला घरी ठिवली असती."

शरणू तिच्या पदराआड तोंड खुपसून उभी होती. पारूबाई भिंतीचा आधार घेत उठली. तिनं शरणूचं मनगट धरून तिला पदराआडून बाहेर काढलं, पुसलं न पुसलं असं तिचं नाक लुगड्यानं पुसलं आणि खोलीच्या दाराकडं वळली.

"काशी सकाळधरनं इचारायली, शरणू कुठं हाय म्हनून. हिला आत येऊ द्या," ती म्हणाली. "तुमी भाईरच थांबा."